पावडर लावलेलीला आत प्रवेश नाही

बायन लपास, पिनांग
४ मार्च १९८४

हबसामावशीस,

सलाम. मी बरी आहे, तूही बरी असशील. हे शाळेत शिकवलं होतं म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर मी बरी नाही, आणि हसणार असशील तर पत्र इथेच मिटून ठेव.

माझ्या तोंडावर फोड आलेत. एकदोन नाहीत, घोसच्या घोस. वीस वर्षांची घोडी झाले, शाळेत असताना कधी पुटकुळी आली नाही, आणि आता हे. काल शिफ्ट सुटताना आमचा सुपरवायझर रोस्लान सगळ्यांसमोर म्हणाला, "काय सल्बिया, यंदा काटेरी दुरियानचं फळ लवकर पिकलं वाटतं!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. ज्यांच्या स्वतःच्या गालावर काटे आहेत त्याही हसल्या. मी पण हसले. खोलीवर येऊन आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

इथल्या हॉस्टेलचं जेवण म्हणजे तेलात पोहणाऱ्या नूडल्स. त्याचंच हे असणार. दुसरं काही नाही.

तुझी ती तांदळाची थंड पावडर पाठव ना. लहानपणी घामोळ्यांवर लावायचीस ती. आणि लवकर पाठव. मला कारखान्यात लागून जुलैत वर्ष होईल, तेव्हा कायम केल्याचं पत्र मिळतं. त्याआधी वरचे साहेब एकेकीला बोलावून बघतात. असं तोंड घेऊन मी त्यांच्यापुढे उभी राहणार नाही.

तू म्हणाली होतीस, सहा महिन्यांत रडत परत येशील. मी रडत नाहीये. फक्त पावडर मागतेय.

तुझी
बिया


कुआला कुराउ, पेराक
१५ मार्च १९८४

बिया,

हसायला मी काय वेडी आहे? तुझी आई गेली तेव्हा तू दीड वर्षांची होतीस. तेव्हापासून ते तोंड मी धुतलंय, मी पुसलंय. मागच्या जुलैच्या शेवटी बसमध्ये बसवलं तेव्हा सोललेल्या अंड्यासारखं होतं. सात महिन्यांत त्याचा दुरियान केलास, आणि वर मला नूडल्सच्या गोष्टी सांगतेस!

नूडल्स मीही खाल्ल्यात. तुझ्यापेक्षा जास्त खाल्ल्यात. खरं सांग, काय फासतेस तोंडाला? शेजारच्या मक दाराची नात तुमच्याकडेच कुठेशी कामाला आहे. ईदला आली होती तर तोंड भिंतीसारखं पांढरं आणि मान आपली सावळीच. म्हणे क्रीम, डबीतलं. जळलं मेलं ते क्रीम! तसलं काही लावत असशील तर आजच्या आज संडासात टाक.

आणि 'लवकर पाठव' म्हणजे काय गं? थंड पावडर म्हणजे काय चहा आहे, उकळला की गाळला? काल तांदळाची कणी भिजत घातली, मोठ्या रांजणात. चाळीस दिवस. रोज सकाळी वरचं पाणी ओतायचं, नवं घालायचं, आत हात म्हणून घालायचा नाही. पहिले दहा-बारा दिवस असा वास सुटेल की मक दारा कुंपणावरून शिव्या घालेल. मग वास कमी होत जाईल. ज्या दिवशी रांजणात नाक घातलं आणि कसलाच वास आला नाही, त्या दिवशी पावडर तयार. मग जात्यावर वाटायचं, केवड्याच्या पानाच्या पाण्यात कालवायचं, केळीच्या पानाच्या पुडीतून थेंब थेंब कापडावर पाडायचे आणि उन्हात वाळवायचे. घाई केलेली पावडर आंबट राहते, आंबट पावडर तोंड सोलते. तुझ्या साहेबासाठी मी तांदूळ शिव्या देऊन पिकवणार नाही.

तोवर गेल्या वर्षीची उरलेली बरणी पाठवते. झोपताना पाच-सहा गोळ्या तळहातावर घ्यायच्या, पाण्यात विरघळवायच्या, जाड थर द्यायचा. सकाळी धुवायचं. चोळायचं नाही.

आणि नीट लिही, फोड नक्की कुठे कुठे आहेत. कपाळावर, की गालावर?

मावशी


बायन लपास
२ एप्रिल १९८४

मावशी,

तुझ्या पावडरीचं काय झालं ऐक.

अकरा रात्री लावली. एक फोड गेला नाही. वर बाराव्या दिवशी टोपी काढून तपासलं तर शिवणीत पांढरे कण. आमची आतली खोली म्हणजे काय ते तुला कळणार नाही. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, टोपी, तोंडावर फडकं, नुसते डोळे उघडे. धुळीचा एक कण उडाला तर रेडिओ-कॉम्प्युटरच्या चिप्सची अख्खी टोपली बाद. दारावर चित्र काढून लावलंय, बाईचं तोंड आणि त्यावर लाल फुली. पावडर लावलेलीला आत प्रवेश नाही.

मी धुतलं होतं गं. दोनदा धुतलं होतं. कानामागे राहिली असणार.

रोस्लाननं सगळ्यांसमोर ती टोपी हवेत झटकली. "गावाकडून पीठ आणलंय काय? केक करा!" मला ताकीद मिळाली, लेखी. आणखी एक मिळाली की कायम व्हायचं विसरा. आठ महिने एक दिवस खाडा नाही, आणि माझी नोकरी जाईल तुझ्या तांदळाच्या पिठापायी!

कुठे आहेत विचारलंस. कानामागे, जबड्याखाली, मानेवर आणि मनगटांवर. झालं समाधान?

रांजण ओतून टाक. काही पाठवू नकोस.

बिया


कुआला कुराउ
११ एप्रिल १९८४

सल्बिया,

उचलली जीभ लावली टाळ्याला! पस्तीस वर्षं झाली मला ही पावडर करताना. बाळंतिणींना दिली, नवऱ्यामुलींना दिली, कांजिण्यांच्या पोरांना दिली. आजवर कुणी 'पीठ' म्हणालं नव्हतं. तू म्हणालीस. ठीक आहे, ते मी लक्षात ठेवीन.

पत्र वाचून रांजण खरंच ओतायला गेले होते. दोन्ही हातांनी धरला, आणि तुझा शेवटचा कागद पुन्हा आठवला. तिथेच बसले पायरीवर.

मनगटांवर?

अगं, तारुण्याच्या पुटकुळ्या मनगटावर कधीपासून यायला लागल्या? आणि क्रीम तरी कोण मनगटाला फासतं? कपाळ स्वच्छ, नाक स्वच्छ, आणि कानामागे फोड! नूडल्स काय कानातून खातेस? ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी खोड लहानपणापासूनची. चोरून आंबे खायचीस आणि तोंड धुवायचीस, पण चीक लागायचा कोपराला.

काम काय करतेस तू? 'यंत्रापाशी बसून भिंगातून बघते' असं सांगितलं होतंस. भिंगातून बघून मनगटं फुटतात?

आईची शपथ आहे तुला. खरं लिही. नाही लिहिलंस तर मी पुढची बस धरते आणि तुमच्या दारात उभी राहते.

रांजण ओतला नाही. आज अठ्ठाविसावा दिवस.

हबसा


बायन लपास
९ मे १९८४

मावशी,

महिनाभर लिहिलं नाही कारण चारदा लिहून फाडलं.

शपथ घातलीस म्हणून सांगते. भिंगावर मी डिसेंबरपर्यंतच होते. मग मला डिपला टाकलं. तिथे छातीएवढ्या उंचीची पिंपं आहेत, त्यात औषध असतं. सगळ्या त्याला औषधच म्हणतात, नाव कुणालाच माहीत नाही. पाण्यासारखं दिसतं, वास गोडसर. चिप्स भरलेल्या जाळीच्या टोपल्या त्यात बुडवायच्या, हलवायच्या, काढायच्या. दिवसभर तेच. पिंपाला झाकण नाही. हातमोजे आहेत, पण आठवड्याला एकच जोडी, आणि ती दुसऱ्याच दिवशी बोटांत चिरते. वाफ टोपीत शिरते आणि तिथेच राहते.

आम्ही अकरा जणी आहोत. नऊ जणींना फोड आहेत. माझ्याच खोलीतल्या कमारियाला पापण्यांवर आलेत. लेचुमीची मान बघवत नाही. सिउ लानला नव्हते, आता तिलाही उठायला लागलेत.

दवाखान्यातली नर्स गुलाबी पाणी लावते आणि म्हणते, तरुण रक्त आहे, तोंड धुवत जा, मिरची खाऊ नका. आम्ही सगळ्यांनी मिरची सोडली. मी तुझं सुकटीचं तिखट सांबल कमारियाला देऊन टाकलं, तिनं सिउ लानला दिलं, शेवटी उंदरांनी खाल्लं. मग फेब्रुवारीत लेचुमी पिंपाजवळ चक्कर येऊन पडली, तर कंपनीनं मांत्रिक बोलावला! जागेवर भूत आहे म्हणे. त्यानं बोकड कापला, कोपऱ्याकोपऱ्यात पाणी शिंपडलं, साहेब लोक टाय घालून हात जोडून उभे. बोकड आला, मावशी, पण पिंपावर झाकण आलं नाही.

तुला सांगितलं नाही कारण निघताना तू म्हणाली होतीस, यंत्र माणूस खातं. मी म्हणाले होते, तुझ्या भाताच्या चिखलापेक्षा बरं. आता कुठल्या तोंडानं सांगू?

रागच येतो मला. रोस्लानचा येतो, नर्सचा येतो, त्या दिवशी हसले म्हणून स्वतःचा येतो. आणि तुझाही येतो, कारण तू बरोबर निघालीस.

पण येऊ नकोस. तुझ्या पाया पडते. तू दारात ओरडलीस की मी त्याच दिवशी बाहेर. जुलैपर्यंत तोंड मिटून काढू दे. एकदा कायम झाले की दुसऱ्या खात्यात बदली मागता येते.

बिया


कुआला कुराउ
२० मे १९८४

बिया,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मक दारा काही विचारायला आली, तिच्यावरच खेकसले. बिचारी अजून बोलत नाही माझ्याशी.

तोंड मिटून काढते म्हणतेस. मग आता माझी ऐक. तुझ्या आईलाही हे नीट माहीत नव्हतं.

तुझ्याएवढी होते तेव्हा मी रबराच्या मळ्यात कामाला होते. झाडांवर नाही, शेडमध्ये. चिकात आम्ल घालून त्याचं दही बनवायचं, मग ते हातांनी दाबायचं, लाटायचं. हाताची सालं निघायची. मुकादम म्हणायचा, बायकांचे हात नाजूकच, सवय होईल. सवय झाली. पाच वर्षं तोंड मिटून काढली. कायम व्हायचंच होतं मलाही.

मग सरकारी ओळखपत्रं काढायला माणूस आला. रांगेत उभी राहिले. त्यानं माझा अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला. नुसता काळा डाग. पुन्हा दाबला. पुन्हा डाग. एक रेघ उठेना. तो हसून म्हणाला, "बाई, तू आहेस की नाहीस?" रांगेतले सगळे हसले. मी पण हसले, बिया. तू हसलीस तशीच.

त्या वर्षी माझ्या सासूनं मला ही पावडर शिकवली, हातांची आग कमी व्हायला. म्हणून मी ती करते. हे मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की तो हसलेला आवाज पुन्हा ऐकू येतो.

आता तुझं बघ. पिंप उघडं, त्याला आत मान. मांत्रिकाला मान, बोकडाला मान. आणि माझ्या तांदळाला मात्र दारावरच फुली! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. पिंपाला कुणी अडवत नाही, पावडरीला अडवतात!

रांजण चाळीस दिवस पूर्ण झाला. वास शून्य. वाटून, वाळवून चार मोठ्या बरण्या पाठवतेय, मक दाराच्या नातीच्या हाती. अकरा जणींना पुरेल. पण एक समजून घे. ही पावडर आग शमवते, बरं करत नाही. हात रोज पिंपात घालून रात्री तोंडाला थंडावा द्यायचा म्हणजे चुलीत बसून पंखा हलवायचा. बरं व्हायचं तर हात बाहेर काढावा लागेल.

मी येत नाही. तू म्हणालीस म्हणून. पण दात ओठ खाऊन बसलेय हे लक्षात असू दे.

मावशी


कुआला कुराउ
५ जुलै १९८४

सल्बिया,

ईद झाली. बांबूतला भात केला, तुझ्या वाटणीचा दोन दिवस ठेवला, मग कोंबड्यांना घातला. महिना-दीड महिना पत्र नाही. मक दाराची नात आली, म्हणते, "बियाला सुट्टी नव्हती," आणि पुढे विचारलं की नखं बघत बसते. त्या पोरीला खोटं बोलता येत नाही, तुझ्याइतकं तर मुळीच नाही.

काय झालंय? जिवंत असशील तर लिही.

हबसा


बायन लपास
१७ जुलै १९८४

मावशी,

जिवंत आहे. आता सगळं लिहिते, काही लपवत नाही.

बरण्या मिळाल्या. जूनभर आम्ही अकरा जणी रात्री लावून झोपलो. थंड वाटायचं. लेचुमीला कित्येक महिन्यांनी झोप लागली. पण सकाळी पुन्हा पिंप, दुपारी पुन्हा आग. तू लिहिलंस तसंच. ते तुझं वाक्य मी सगळ्यांना वाचून दाखवलं, पिंपाला अडवत नाहीत, पावडरीला अडवतात. सिउ लान कमी बोलते. ती म्हणाली, "मग आपण पावडर लावूनच जाऊ. नियम त्यांचाच आहे. ते आपल्याला आत घेऊच शकत नाहीत."

आधी हसलो. मग हसू थांबलं.

९ जुलैला सकाळच्या पाळीला आम्ही अकरा जणी तोंडाला जाड थर देऊन दाराशी गेलो. कपाळ, गाल, मान, मनगटं, सगळं पांढरं. पहारेकऱ्यानं बघितलं आणि म्हणाला, "अरे बाप रे, भुतं खरंच आहेत की!" रोस्लान धावत आला. "धुवा आधी ते!"

मी म्हणाले, "नाही धुवत. औषध लावलंय. फोड आहेत आम्हाला."

"मग घरी जा!"

"घरी कशाला? आम्ही कामावर आलोय. तुमचा नियम आहे, पावडर लावलेलीला आत घ्यायचं नाही. नका घेऊ."

तो चित्राकडे बघत राहिला. स्वतःच लावलेलं चित्र. आम्ही तिथेच सावलीला बसलो. आत पिंपं तशीच. अकरा जणींशिवाय टोपल्या कोण बुडवणार? दुसऱ्या खात्यातल्या मुली पाठवल्या, तर त्यांनी आमची तोंडं बघितली आणि त्या दुपारी कमारियाकडे पावडर मागायला आल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सतरा होतो. डिप लाइन बंद पडली. काम थांबलं की नियम कसे आठवतात बघ. चौथ्या दिवशी पिंपांवर झाकणं बसवायला माणसं आली, आणि मोज्यांची खोकी.

मी उड्या मारल्या. मला वाटलं जिंकलो.

पाचव्या दिवशी ऑफिसात एकेकीला बोलावलं. वरचे साहेब गोड बोलत होते. माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक कायम केल्याचं पत्र. माझं नाव, टाइप केलेलं, खाली शिक्का. तेच, ज्यासाठी वर्षभर मरमर केली. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं की मी कामात अडथळा आणल्याबद्दल माफी मागते, आणि माझ्या अंगावरचे फोड कंपनीतल्या कामामुळे आलेले नाहीत. यावर सही कर आणि अंगठा लाव, म्हणजे हे पहिलं पत्र तुझं.

मावशी, मी सही करणार होते. खोटं कशाला बोलू. झाकणं आली होती, मोजे आले होते, पत्र समोर होतं. मनात म्हटलं, एका ओळीनं काय जातं? पेन उचललं. क्लार्क बाई म्हणाली, "आधी अंगठा, शाई वाळू दे."

तिनं माझा अंगठा शाईवर दाबला, मग कागदावर.

काळा डाग.

ती म्हणाली, "नीट दाब गं." पुन्हा डाग. तिनं शाईचा डबा बदलला. पुन्हा डाग. शाई खराब आहे का बघायला तिनं स्वतःचा अंगठा कोपऱ्यात उठवला, तर काय सुंदर भोवरा उठला, एकेक रेघ मोजावी असा. त्याच्या शेजारी माझे तीन डाग.

साहेब हसले. म्हणाले, "काही हरकत नाही, नुसती सही चालेल."

मी नाही हसले, मावशी. तू हसली होतीस आणि मी दुरियानच्या वेळी हसले होते, दोघींचं मिळून पुष्कळ झालं. मी पेन ठेवलं. म्हटलं, "साहेब, या कागदावर लिहिलंय कामामुळे काही झालं नाही. आणि खाली हे डाग. हा कागद मी घेऊन जाते." घडी घातली आणि उठले. ते "ए, ए" करत राहिले. कायमचं पत्र टेबलावरच राहिलं.

बाहेर बाकीच्या जणींना तो कागद दाखवला. लेचुमीनं आपला अंगठा उन्हात धरून बघितला. मग सगळ्याच बघायला लागल्या. नंतर कुणीच आत सही करायला गेली नाही.

मला आजपासून कामावरून काढलंय. बाकीच्या अजून दाराशी बसतात. मीही त्यांच्याबरोबर बसते, फाटकाच्या बाहेर. हॉस्टेल शुक्रवारपर्यंत सोडायचं आहे, मग कमारियाच्या मामाकडे जाईन. लेबर ऑफिसात तो कागद द्यायचा ठरलंय. तिथे काय होईल माहीत नाही.

पावडर संपत आली. तळाशी थोडी आहे.

मी रडत परत येत नाहीये. तुला राग आला असेल तर ये म्हण, येईन. पण आत्ता 'ये' म्हणू नकोस.

तुझी
बिया


कुआला कुराउ
१९ जुलै १९८४

बिया,

आत्ता येऊ नकोस. खबरदार आलीस तर.

दुसरा रांजण २१ मेलाच भिजत घातला होता. तुझं पत्र येवो न येवो, मला माहीत होतं तुला किती लागेल ते. सहा बरण्या भरल्यात. मक दारा आता बोलते, तीच झाकणं बांधत बसलीय.

शनिवारच्या सकाळच्या बसनं मी येतेय. आता नको म्हणू नकोस, पाया पडू नकोस, आता तुझी नोकरी जायची राहिली नाही. त्या कागदावर जागा ठेव. तुझ्या तीन डागांच्या खाली मला माझा अंगठा लावायचाय. पस्तीस वर्षांपूर्वी त्या माणसानं विचारलं होतं, तू आहेस की नाहीस. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलंय.

लेबर ऑफिसात तोंडाला पावडर लावूनच जाऊ, सगळ्या जणी. बघते कोण अडवतं.

हबसा